व्हीआर गेमवरची तुझी कादंबरी: काय जमलंय आणि सोळाव्या भागापासून काय सुटलंय

तू विचारलंस की नागपुरातल्या एका इंजिनिअरिंगच्या पोराची व्हीआर (डोक्याला हेडसेट लावून आभासी जगात खेळायच्या) गेमवरची कादंबरी मराठीत भागाभागानं लिहून राहिलो, ६२ भाग झाले, सुरुवातीला वाचणारे भराभर वाढले आणि विसाव्या भागाच्या आसपास गळायला लागले, तर यात चांगलं काय, कच्चं काय, आणि पुढे लिहू की सोडून देऊ. मी सगळे भाग वाचले, सुरुवातीचे दोनदा. मी क्रमशः कथांचं संपादन करतो, त्याच्या आधी पुण्यात एका गेम स्टुडिओत टेस्टिंग केलं आणि नंतर गेमच्या इकॉनॉमीचं काम पाहिलं, म्हणून दोन्ही बाजूंनी बोलतो. उत्तर लांब आहे, सावकाश वाच.

गोष्ट माझ्या डोक्यात कशी बसली ते आधी सांगतो, काही चुकत असेल तर तुला तिथंच कळेल. सुमेध सक्करदऱ्याचा, थर्ड इयरला, वडलांचं इतवारीतलं होलसेल किराण्याचं दुकान उधारीत रुतलेलं, बहीण बारावीला. सेकंडहँड हेडसेट घेऊन तो एका मोठ्या ऑनलाइन गेममध्ये शिरतो, तिथला माल खऱ्या पैशाला विकून बहिणीच्या क्लासची फी काढायची हा त्याचा हिशोब. पंधरा भाग तो असाच धडपडतो. सोळाव्या भागात एका म्हाताऱ्या एनपीसीला, म्हणजे गेमनंच चालवलेल्या पात्राला, पाणी पाजल्याबद्दल त्याला एक गुप्त क्लास, म्हणजे खास ताकदीचा वर्ग, मिळतो जो आख्ख्या गेममध्ये दुसऱ्या कोणालाच मिळत नाही, आणि तिथून पुढे तो बॉसमागून बॉस, म्हणजे मोठमोठे राक्षस, मारत जातो.

आधी जे जमलंय ते, कारण ते खरंच चांगलं जमलंय आणि तुला स्वतःला ते नीट दिसलेलं नाही असं तुझ्या प्रश्नावरून वाटलं. तुझा नववा भाग या कादंबरीचा सगळ्यात उत्तम भाग आहे. किल्ल्याला वेढा पडणार हे सगळ्यांना माहीत, सगळे तलवारी आणि पोशन जमा करून राहिले, आणि सुमेधच्या लक्षात येतं की ढाली दुरुस्त करायला लागणारी लोखंडी वाळू खेड्यात मातीमोल विकली जाते, कारण ती जड आहे, बॅगेत मावत नाही, कोणी वाहून नेत नाही. मग तो आपली तलवार आणि चिलखत लॉकरमध्ये टाकून, अंगावर काही नसताना, रात्रीच्या रस्त्यानं नुसती वाळू वाहतो. वाटेत कोल्हा आला तरी मरणार अशी हालत, आणि तरी तो तीन खेपा करतो. हे वाचताना मी मान वर केली नाही. का जमलं ते समजून घे. वाळूचं वजन तू चौथ्या भागात सांगितलं होतंस, वजनाचा नियम पाचव्यात, ढाल दुरुस्तीचा खर्च सहाव्यात, म्हणजे सुमेधकडे जी माहिती होती ती सगळी वाचणाऱ्याकडेही होती. त्यामुळे वाचणाऱ्याला वाटतं की हे आपल्यालाही सुचलं असतं. साध्या कादंबरीत हिरो जिंकला तर लेखकानं जिंकवलं अशी एक शंका कुठेतरी राहते, पण गेमच्या कादंबरीत नियम आधी टेबलावर मांडलेले असतात, आणि त्या नियमांतून हिरो वाट काढतो तेव्हा ती जीत त्याची स्वतःची वाटते. या प्रकारच्या लेखनाची सगळ्यात मोठी ताकद हीच आहे.

दुसरी ताकद म्हणजे मेहनतीचा आकडा दिसतो. याला लोक हसतात, लेव्हल अप, लेव्हल अप, पोरकट आहे म्हणतात, मला ते पटत नाही. आपल्या शहरात अभ्यासिकांमध्ये सकाळपासून रात्रीपर्यंत बसलेली पोट्टे-पोट्टी बघ, तीन-तीन वर्षं परीक्षा देऊन राहिले, कधी जाहिरात येत नाही, कधी निकाल अडकतो, आणि आपण काल होतो त्याच्यापेक्षा आज किती पुढे आहोत हे सांगणारं त्यांच्याकडे काहीच नसतं. गेममध्ये शंभर वेळा कुऱ्हाड मारली की लाकूडतोडीचा आकडा एकानं वाढतो आणि तो आकडा कोणी परत काढून घेत नाही. हे सुख खोटं नाही, त्याची भूक खरी आहे. तू सहाव्या भागात सुमेधचं रात्रभर दगड फोडणं लिहिलंस आणि शेवटी एकच आकडा वाढवलास, तिथं तुला ही भूक बरोबर कळली होती.

तिसरी ताकद पैसा. या प्रकारात पणाला काय लावायचं याचे दोन मोठे रस्ते आधीच पडलेत. जपानमध्ये २००२ साली वेबवर सुरू झालेल्या ‘स्वॉर्ड आर्ट ऑनलाइन’ या कादंबरीत १०,००० खेळाडू गेममध्ये अडकतात आणि तिथं मेलेला खरोखर मरतो, म्हणजे पणाला जीव. कोरियात २००७ पासून पुस्तकरूपात येत गेलेल्या ‘लेजेंडरी मूनलाइट स्कल्प्टर’मध्ये हिरो गरीब आहे, डोक्यावर कर्ज आहे, आजी आणि बहीण सांभाळायची आहे, म्हणजे पणाला घर. कोरियातल्या वाचकाला हे लगेच भिडलं असणार, कारण १९९७ च्या आर्थिक संकटानंतर तिकडे नोकऱ्या गेल्या होत्या, गल्लीगल्लीत गेमिंग कॅफे उभे राहिले होते, १९९८ ला लिनिएज हा ऑनलाइन गेम आला होता आणि गेममधला माल पैशाला विकणारी माणसं लोकांनी डोळ्यांनी पाहिली होती. तू दुसरा रस्ता घेतलास आणि तो इतवारीच्या दुकानातून काढलास, हे योग्य केलंस. उधारीची वही, तगादा लावणारा तेलाचा व्यापारी, वडलांनी फोन उलटा करून ठेवणं, हे सगळं खरं वाटतं. गेममधलं काम म्हणजे खरी मजुरी असू शकते हे कल्पनेतलंही नाही. एडवर्ड कॅस्ट्रोनोवा नावाच्या अर्थशास्त्रज्ञानं २००१ साली एव्हरक्वेस्ट या गेमचा हिशोब मांडला होता, लिलावातल्या भावांवरून खेळाडूची कमाई तासाला साधारण ३.४२ डॉलर निघाली. सुमेधनं असा हिशोब अकराव्या भागात वहीत मांडला आहे, तासाला किती रुपये, आणि समोर बिर्याणी डिलिव्हरीचे तासाला किती. ते पान अजिबात काढू नकोस.

आता सोळावा भाग. गळती विसाव्याला दिसते पण कारण सोळाव्यात आहे, वाचणारे तीन-चार भाग वाट बघतात की तू परत जाग्यावर येशील आणि मग जातात. गुप्त क्लास मिळाला त्या क्षणी तू नववा भाग खोटा करून टाकलास. आधी सगळ्यांना एकच नियम होता आणि सुमेध त्यात हुशार होता, आता सुमेधला वेगळा नियम आहे, मग त्याच्या जिंकण्यात वाचणाऱ्याचा वाटा काय राहिला? आणि मिळाला कशाबद्दल, तर पाणी पाजल्याबद्दल. तुझ्याच गेममध्ये चाळीस लाख लोक खेळतात असं तू तिसऱ्या भागात लिहिलंस. चाळीस लाखांत एकानंही त्या म्हाताऱ्याला पाणी विचारलं नसेल? मी टेस्टर होतो म्हणून सांगतो, खेळाडू लोक भिंतीला डोकं आपटून बघतात, विहिरीत उडी मारून बघतात, दुकानदाराला कोंबडी विकायचा प्रयत्न करतात, म्हाताऱ्याला पाणी तर पहिल्याच दिवशी पाजतील आणि संध्याकाळपर्यंत त्याचा व्हिडिओ येईल.

इथं मी माझ्या मुख्य मुद्द्यावर येतो आणि थोडा थांबतो, कारण बाकी सगळ्या चुका यातून निघाल्यात. तुझ्या गेममधून माणसं नाहीशी झाली. सोळाव्यानंतर जे उरलं ते एकट्यानं खेळायच्या गेमसारखं आहे, बाकीचे खेळाडू फक्त तोंडात बोट घालायला, ‘हा कोण आहे?’ विचारायला आणि मार खायला उभे. ऑनलाइन गेम हे त्यातल्या राक्षसांमुळे नाही, त्यातल्या माणसांमुळे ऑनलाइन गेम असतात. या गेमच्या खऱ्या इतिहासात ज्या गोष्टी लोक अजून सांगतात त्या बघ, एकही गुप्त क्लासची नाही.

१९९७ मध्ये अल्टिमा ऑनलाइनची चाचणी चालू होती, गेमचा कर्ता रिचर्ड गॅरियट स्वतः राजा बनून गर्दीसमोर भाषण द्यायला आला, त्याला कोणी मारू शकत नाही अशी सोय होती पण परत लॉगिन झाल्यावर ती चालू करायची राहिली, आणि एका खेळाडूनं सहज गंमत म्हणून आगीचा मंत्र टाकला तर राजा मेला. २००५ च्या सप्टेंबरमध्ये वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्टमध्ये एका बॉसनं लावलेला रोग त्या गुहेतच राहायला हवा होता, पण खेळाडूंच्या पाळीव प्राण्यांमधून तो बाहेर आला, शहरांत पसरला, कमी लेव्हलवाले जागच्या जागी मरायला लागले, दुकानदार एनपीसी स्वतः मरत नव्हते पण रोग देत होते. आणि माणसांनी काय केलं? काही जण अनोळखी लोकांना वाचवायला हील देत, म्हणजे मंत्रानं जखमा भरत, उभे राहिले, काही गाव सोडून डोंगरात पळाले, काही मुद्दाम रोग घेऊन गर्दीत शिरले, काही नुसते बघायला आले आणि मेले. कंपनीला शेवटी सर्व्हर रीसेट करावे लागले. दोन वर्षांनी साथरोगांच्या अभ्यासकांनी यावर लॅन्सेटच्या संसर्गजन्य रोगांच्या जर्नलमध्ये लेख लिहिला. कोरियात लिनिएज २ च्या बार्ट्झ सर्व्हरवर २००४ पासून पुढे काही वर्षं एक लढा चालला, एका ताकदवान गटानं शिकारीच्या चांगल्या जागा अडवल्या, टॅक्स वाढवला, आणि त्यांच्या विरोधात दुसऱ्या सर्व्हरवरचे लोकही नवीन कॅरेक्टर काढून, अंगावर धड कपडे नाहीत अशा अवस्थेत, शेकड्यांनी येऊन भिडले. एकटा कोणी काहीच नव्हता, गर्दीत मात्र ते भारी पडले. आणि ईव्ह ऑनलाइन या अंतराळातल्या गेममध्ये २७ जानेवारी २०१४ ला जी लढाई झाली, ७,५०० च्या वर खेळाडू, जवळपास २१ तास, ७५ सगळ्यात महागडी जहाजं राख, किंमत लावली तर सुमारे ३ लाख डॉलर, ती पेटली कशावरून, तर एका ठाण्याचं ठरलेलं बिल वेळेवर भरलं गेलं नाही यावरून.

बिल भरायचं राहिलं! तू इतवारीतल्या दुकानदाराच्या मुलाची गोष्ट लिहितोस, तुला याच्याहून जवळचं काय सापडणार? सुमेधच्या गिल्डमध्ये, म्हणजे खेळाडूंच्या गटात, पैशाचा हिशोब कोण ठेवतं, किल्ल्याचं भाडं कोण भरतं, वर्गणी कोण बुडवतं, खजिनदार कोणाचा भाचा आहे, यातून पंचवीस भाग निघतील आणि एकाही बॉसची गरज पडणार नाही. गर्दी कशी हलते हे बघायचं तर पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी महाल-इतवारीकडे मारबत, म्हणजे त्या मोठ्या पुतळ्यांची मिरवणूक, बघायला जा, तू जात असशीलच, पण यावेळी लेखक म्हणून जा. काळी आणि पिवळी मारबत समोरासमोर येतात तेव्हा पुढचे काय करतात, मागचे काहून ढकलतात, गच्चीवरचे काय ओरडतात, ज्याला काहीच दिसत नाही तो कोणाला विचारतो. तुझ्या चव्वेचाळिसाव्या भागातल्या महायुद्धात दोन लाख सैनिक आहेत आणि एकाचाही धक्का सुमेधला लागत नाही.

एक उपयोगाची गोष्ट देतो. इंग्लंडमधल्या एसेक्स विद्यापीठात १९७८ ला पहिला एमयूडी, म्हणजे नुसत्या अक्षरांवर चालणारा अनेकांनी मिळून खेळायचा गेम, बनला, त्याच्या दोन कर्त्यांपैकी एक रिचर्ड बार्टल. त्यानं १९९६ ला खेळाडूंचे चार स्वभाव मांडले. काहींना आकडे आणि बक्षिसं हवी असतात, काहींना जग धुंडाळायचं असतं, काहींना माणसांशी बोलायचं असतं आणि काहींना दुसऱ्याला त्रास देण्यातच मजा येते. तुझ्याकडे पहिला आणि शेवटचा एवढेच आहेत. नकाशे काढत फिरणारा आणि कधीच न लढणारा एखादा रिटायर्ड पोस्टमन आण, रोज रात्री फक्त गप्पा मारायला लॉगिन करणारी नाइट ड्यूटीवरची नर्स आण. तुझ्या हीलर मुलीला आत्ता काहीच काम नाही, ती हील देते आणि लाजते. तिला गेममध्ये स्वतःचं काहीतरी पाहिजे असू दे, सुमेधच्या आड येणारं.

इकॉनॉमीवर थोडं, कारण हे माझं कामच होतं आणि तू इथं सुरुवात चांगली करून नंतर पूर्ण सोडून दिलंस. गेममध्ये पैसा हवेतून तयार होतो. राक्षस मेला की नाणी पडतात, ती कोणाच्या खिशातून आलेली नसतात. म्हणून डिझायनरला पैसा नष्ट करायच्या जागाही ठेवाव्या लागतात, दुरुस्तीचा खर्च, प्रवासाचं भाडं, लिलावावरचा कर. नळ आणि मोरी दोन्ही नीट नसले की महागाई भडकते आणि नवीन खेळाडूला साधी चप्पल परवडत नाही. तुझ्या पहिल्या पंधरा भागांत मोरी दिसते, सुमेध दुरुस्तीला पैसे नाहीत म्हणून तुटकी ढाल घेऊन फिरतो. सव्विसाव्या भागात तो एका ड्रॅगनचं कातडं पन्नास लाख सोन्याला विकतो. घेतलं कोणी? सराईची खोली दोन नाण्यांना मिळते त्या जगात पन्नास लाख नाणी एका माणसाकडे कुठून आली, त्यानं ती कशी जमवली, आणि एवढं सोनं बाजारात आल्यावर दुसऱ्या दिवशी भाकरीचा भाव काय झाला? यातली तिसरी गोष्ट लिही. सुमेधच्या एका सौद्यामुळे गावातले नवीन खेळाडू उपाशी राहिले असं झालं, तर तो हिरो राहूनही त्याच्यावर बोट उठेल, आणि वडलांच्या दुकानातल्या उधारीची गोष्ट आपोआप याला येऊन भिडेल.

आकड्यांचं म्हणशील तर पाचव्या भागात सुमेधचा वार ४० चा होता, पन्नासाव्यात ४०,००० चा, आणि मला दोन्ही सारखेच वाटले, कारण राक्षसाचं आयुष्यही हजारपट झालं. आकडा कशाशी तरी बांधलेला हवा. एक गोष्ट पहिल्यापासून शेवटपर्यंत तीच ठेव, म्हणजे त्या सराईच्या खोलीचं भाडं, किंवा खेड्यापासून किल्ल्यापर्यंत पायी लागणारा वेळ, मग वाढ अंगाला जाणवते. स्टेटस विंडोचा भरणा मात्र कमी कर. मी मोजले नाहीत पण तिशीनंतर कित्येक भागांत पाव भाग नुसत्या चौकोनातल्या आकड्यांचा आहे आणि मोबाइलवर वाचणारा तिथं बोटानं सर्रकन खाली जातो. जो आकडा बदलला आणि ज्यानं पुढची कृती बदलणार आहे तेवढाच दाखव.

आता व्हीआर. याचं मला सगळ्यात वाईट वाटलं, कारण तिसऱ्या भागानंतर हेडसेट गायबच झाला, ही गोष्ट कीबोर्डवर खेळली असती तरी एक वाक्य बदललं नसतं. खरा व्हीआर शरीराशी भांडतो. डोळे सांगतात तू पळतोयस, कानातला तोल सांगतो तू बसलायस, आणि त्या भांडणातून मळमळ येते. मान वळवल्यापासून चित्र बदलायला २० मिलिसेकंदांच्या वर वेळ गेला की डोक्याला ते खटकतं असं या क्षेत्रात धरतात. १९६८ मध्ये आयव्हन सदरलँडनं जे डोक्यावर लावायचं यंत्र बनवलं ते छताला टांगावं लागायचं, २०२० चा क्वेस्ट २ हा हेडसेट अर्ध्या किलोच्या आसपास आला, तरी अर्धा किलो नाकावर घेऊन तासभर बसून बघ. आणि आपल्याकडे मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या वर, कूलरचा घर्र आवाज, फोमला घाम, काचेवर वाफ, चष्मा असेल तर त्याचे वण. सेकंडहँड हेडसेटमध्ये आधीच्या माणसाच्या घामाचा वास. हे कुठलाही कोरियन किंवा जपानी लेखक लिहिणार नाही, हे तुझ्याकडेच आहे, आणि तू ते वापरलं नाहीस.

तुझा हेडसेट पुढचा आहे, थेट मेंदूला जोडणारा, हे मला कळतं, तो कल्पनेतला आहे आणि तसा असायला हरकत नाही. पण आज मेंदूतून हालचालीचा इशारा वाचता येतो, उलट दिशेनं मेंदूत संवेदना लिहिणं फार थोडं जमलंय, २०१६ मध्ये पिट्सबर्ग विद्यापीठाच्या प्रयोगात एका हातपाय लुळे पडलेल्या माणसाला यांत्रिक हाताच्या बोटांचा स्पर्श जाणवला होता आणि त्यासाठी मेंदूत इलेक्ट्रोड बसवावे लागले. वाचणं सोपं आणि लिहिणं अवघड, हा फरक तुझ्या गोष्टीत आला तर फार मजा येईल. सेकंडहँड यंत्रात स्पर्श अर्धवट येतो, डाव्या हाताची दोन बोटं बधिर राहतात, म्हणून सुमेध ढाल नीट धरू शकत नाही, श्रीमंत पोरांना पूर्ण स्पर्श मिळतो. गुप्त क्लासपेक्षा ही अडचण हजारपट बरी. शिवाय शरीर सक्करदऱ्याच्या खोलीत पडलेलंच असतं. त्याला तहान लागते, आई दार वाजवते, लाइट जाते. ऐन रेडमध्ये, म्हणजे सगळ्यांनी मिळून बॉसवर केलेल्या चढाईत, लाइट गेली आणि गेममधला सुमेधचा पुतळा राक्षसासमोर नुसता उभा राहिला, बाकीच्यांना वाटलं पळाला, हा प्रसंग ६२ भागांत एकदाही नाही यावर माझा विश्वास बसला नाही.

वेळेचंही तसंच. तू गेमचे चार दिवस म्हणजे बाहेरचा एक दिवस असं ठेवलंस, हे या प्रकारात चालतं, मेंदू खरा चौपट वेगानं चालत नाही पण वाचक ते मान्य करून बसलेला असतो. मान्य करून घेतलंस तर त्याची किंमत वसूल कर. आई जेवायला बोलावते, वीस मिनिटं, तिकडे ऐंशी मिनिटं साथीदार गुहेत थांबलेत. परीक्षेच्या तीन तासांत तिकडे अर्धा दिवस जातो. ईव्हमध्ये उलटं आहे, गर्दीनं सर्व्हरवर ताण आला की गेमचं घड्याळच मुद्दाम हळू करतात, अगदी १० टक्क्यांपर्यंत, त्या २०१४ च्या लढाईत तेच झालं होतं. तुझ्या महायुद्धात असं घड्याळ अचानक हळू झालं तर बाहेर पेपरची वेळ होऊन जाईल, बघ काय होतं सुमेधचं.

पैसे काढायच्या मुद्द्यावर जरा जपून. तुझ्या चाळिसाव्या भागात कंपनी पैसे लावून मारामारीची स्पर्धा ठेवते, जिंकेल त्याला सगळी रक्कम. गोष्ट भारतात आणि आजच्या काळात आहे, आणि २०२५ च्या ऑनलाइन गेमिंग कायद्यानं पैसे लावून पैसे जिंकायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी आणली आहे. एक तर ती स्पर्धा चोरून चालू दे आणि त्याची भीती दाखव, नाहीतर काढ. याच्याच शेजारी एक मोठी गोष्ट पडली आहे जी तू उचललीच नाहीस. २ सप्टेंबर २०२० ला पबजी मोबाइलसकट ११८ अॅप बंद झाली, एका संध्याकाळी पोरांचे क्लॅन, रँक, कपडे सगळं अधांतरी. मग जुलै २०२१ ला बीजीएमआय, म्हणजे पबजीचीच भारतासाठीची आवृत्ती, आलं, २०२२ च्या जुलैत तेही काढलं गेलं, २०२३ च्या मेमध्ये परत आलं. तुझ्या वाचणाऱ्यांतल्या निम्म्यांनी हे अंगावर झेललंय. ज्याच्या घरचं कर्ज गेममधल्या मालावर उभं आहे त्याचा गेम एका आदेशानं बंद होऊ शकतो, याच्यापुढे कुठला ड्रॅगन टिकेल? जीव जायचा धोका तुझ्या गोष्टीत नाही, नकोही, पण हा धोका खरा आहे आणि भारतीय वाचकाला समजावून सांगावा लागणार नाही.

भाषेचं पटकन सांगतो. वर्णनाची मराठी छान, खेळाडूंचं बोलणं मात्र डब केलेल्या सिनेमासारखं. सक्करदऱ्याचं पोट्टं रेडमध्ये ‘कृपया माझं रक्षण करा’ म्हणणार नाही, ‘हील दे ना बे, मरून राहिलो मी’ म्हणेल. पुण्याचा वेगळं बोलेल, कोल्हापूरचा वेगळं, आणि मराठीत लिहिल्याचा हा केवढा फायदा आहे की कोण कुठला हे पहिल्या वाक्यात कळतं. खलनायक श्रीमंत आहे एवढंच त्याच्याबद्दल माहीत आहे, त्याला गेम का लागतो ते एकदा सांग. एनपीसी ठीक आहेत, त्यांना हात लावू नकोस.

तर पुढे लिहू की सोडू याचं उत्तर: लिही, पण ६३ वा भाग आत्ता लिहू नकोस. सोळावा भाग परत लिही. गुप्त क्लास ठेवायचाच असेल तर तो पाच-सहाशे जणांकडे असू दे, सगळ्यांनी निकामी म्हणून सोडून दिलेला, आणि सुमेधला त्यातला एक उपयोग वाळूसारखाच दिसू दे, आधी वाचणाऱ्याला दाखवून. मग सतरा ते बासष्टमधून किल्ल्याच्या बाजाराचा भाग, हीलर मुलीच्या आजीचा दवाखान्यातला भाग आणि बहीण चोरून हेडसेट लावते तो भाग एवढे तीन बाजूला काढ, हे तीनही पहिल्या पंधराच्या तोडीचे आहेत, आणि बाकीचं त्यांच्याभोवती नव्यानं बांध. जुने भाग वाचलेल्यांना साधं सांग की सोळापासून पुन्हा लिहून राहिलो, जुनं ज्यांना पाहिजे त्यांच्यासाठी महिनाभर ठेवतो. नवीन सोळावा झाला की पाठव, मी बघतो, आणि त्याच्यासोबत गिल्डच्या खजिन्याचा एका महिन्याचा जमाखर्चही लिहून पाठव, गोष्टीत नाही आला तरी चालेल, तुझ्याकडे तो असला पाहिजे.